दहावीनंतरचे फाटे

एक गुणपत्रिका समोर ठेवू. मुलगा सोलापुरातल्या मराठी माध्यमाच्या शाळेतला. उदाहरणापुरता धरलेला आहे, पण निकाल लागला की असे गल्लोगल्ली भेटतात. मराठी ७८, हिंदी ७४, इंग्रजी ५२, गणित ४१, विज्ञान ५८, सामाजिक शास्त्रं ८०. सहाशेपैकी ३८३, म्हणजे ६३.८३ टक्के. पण राज्य मंडळाच्या निकालाला २०१० पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ लागू आहे. सहा विषयांतला सगळ्यात कमी गुणांचा विषय वगळायचा आणि उरलेल्या पाचांची टक्केवारी काढायची. गणिताचे ४१ गळाले, पाचशेपैकी ३४२ उरले आणि टक्के झाले ६८.४०. घरात पेढे आले, मामाचा फोन आला, आणि संध्याकाळपर्यंत ‘अडुसष्ट टक्क्यांना सायन्स मिळतं का?’ याची चौकशी सुरू झाली.

मिळतं. शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात नाही तर तालुक्याच्या ठिकाणी मिळतं. प्रश्न तो नाहीच. गणिताच्या शंभरपैकी वीस गुण शाळेच्या हातातले, अंतर्गत मूल्यमापनाचे. ते देताना शाळा सहसा हात आखडता घेत नाही. अठरा मिळाले असं धरलं, तर लेखी परीक्षेत ऐंशीपैकी तेवीसच उरतात. टक्केवारीने जो विषय झाकून ठेवला, नेमकी त्याच्याशीच अकरावी सायन्सला रोज गाठ पडणार आहे. ‘अडुसष्टला सायन्स मिळतं का?’ असं विचारणाऱ्या बापाने ‘ऐंशीपैकी तेवीस पडलेल्याला सायन्सचं गणित झेपेल का?’ असं विचारायला हवं होतं. पण तेवीस हा आकडा कुणाच्या तोंडी नसतो.

सोलापुरात, आणि फक्त सोलापुरातच असं नाही, दहावीनंतरच्या वाटांची एक उतरंड लोकांच्या डोक्यात पक्की आहे. सगळ्यात वर सायन्स, त्याखाली कॉमर्स, मग आर्ट्स, आणि काहीच जमलं नाही तर आयटीआय. डिप्लोमा कुठे बसवायचा यावर घरोघरी मतभेद. ही उतरंड मंडळाच्या कुठल्याही कागदावर नाही. बारावी कला सहाशे गुणांची आणि बारावी विज्ञानही सहाशेचीच. कमी-जास्त पातळ्या आहेत त्या शाखांमध्ये नाहीत, विषयांमध्ये आहेत, आणि पुढची बरीचशी दारं उघडतात-मिटतात ती एकाच विषयापाशी, गणितापाशी. कुर्डुवाडी स्टेशनात पाटी न वाचता गाडीत चढलेला माणूस पंढरपूरऐवजी बार्शीला उतरतो. अकरावीच्या वर्गात बसलेल्या बऱ्याच जणांची गत तीच होते, फक्त त्यांना ते दोन वर्षांनी कळतं.

ही व्यवस्था फार जुनी नाही. १९४८ पर्यंत मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेई. १९४९ पासून एसएससी आली. तेव्हा शाळा अकरावीपर्यंत होती आणि पुढे थेट कॉलेज. सोलापुरात दयानंद कॉलेज १९४० साली निघालं. त्याआधी मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचं तर पुण्याची गाडी धरावी लागे. १९५३ साली संगमेश्वर आणि १९६२ साली वालचंद कॉलेज निघालं, तेव्हा कुठे गावातल्या गावात कला, वाणिज्य, विज्ञान असं निवडायची सोय झाली. मग कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेली दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना महाराष्ट्राने घेतली आणि मार्च १९७५ मध्ये एक गमतीचा प्रसंग आला. जुन्या अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी एसएससीला बसली. त्या वर्षी पास झालेल्या थोरल्या-धाकट्या भावंडांची जोडी आजही सोलापुरातल्या एखाद्या घरात सापडेल.

या बदलात एक गोष्ट फारशी चर्चा न होता घडली. जुन्या एसएससीत गणिताची सोपी पातळी घेऊन सुटता येत असे. नव्या दहावीत बीजगणित-भूमिती सर्वांना सक्तीची झाली. आणि अकरावी-बारावीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी पदवी कॉलेजांना जोडले गेले, म्हणून सोळा वर्षांचं पोर ‘कॉलेजला’ जाऊ लागलं. दप्तर गेलं, एक वही हातात आली. दहावीपर्यंत ज्याचा गृहपाठ कुणीतरी तपासत होतं, त्याला अचानक कुणी विचारेनासं झालं. आणि विषय अवघड झाले तेही त्याच वर्षी.

सोप्या गणिताची मागणी मात्र संपली नाही. मधली काही वर्षं ‘सामान्य गणित’ नावाचा पर्याय नववी-दहावीला होता. बीजगणित-भूमितीत अडकून वर्षानुवर्षं नापास होणाऱ्यांना तो आधार होता. पण ते घेऊन पास झालेल्याला पुढे विज्ञान शाखेची वाट जवळजवळ बंद होई, आणि हे नववीत त्या पर्यायावर सही करणाऱ्या पालकाला क्वचितच कुणी नीट सांगितलेलं असे. नवा अभ्यासक्रम आला तसा हा पर्याय २०१७-१८ पासून नववीत आणि पुढच्या वर्षी दहावीत बंद झाला. आता सर्वांना एकच गणित. त्याबदल्यात मंडळ उत्तीर्ण होण्याच्या निकषात सवलत देतं: गणित आणि विज्ञान मिळून ७० गुण असतील आणि दोन्हींत किमान २५ असतील, तर पस्तीसची अट आड येत नाही. पातळी एकच ठेवायची आणि उंबरा खाली घ्यायचा, असा हा तोडगा. मला तो अर्धाच पटतो. मूल पास होतं हे चांगलंच, पण त्याला नेमकं काय येतं हे गुणपत्रिकेवरून कुणालाच कळत नाही.

बाहेर काय करतात तेही पाहू. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताच्या ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा दोन पातळ्या केल्या. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसईत गणिताचे दोन स्तर आहेत. ‘फाउंडेशन’ घेतलं तर कितीही अचूक सोडवा, पाचच्या वर श्रेणी मिळत नाही. नऊपर्यंत जायचं तर ‘हायर’ला बसावं लागतं. जर्मनीत बऱ्याच राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात. दहा वर्षांच्या पोराचं काय ठरवणार, असा वाद तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांत ‘ऑनर्स’ आणि ‘एपी’ हे शब्द कानावर पडतात. तिथे एकाच शाळेत प्रत्येक विषयाची पातळी वेगळी निवडता येते. गणित एपीचं, इंग्रजी साधं आणि इतिहास ऑनर्सचा, असं मूल सर्रास दिसतं. आपल्याकडे असं सुटं काही मिळत नाही. शाखा घेतली की विषयांचा आख्खा गठ्ठा घ्यावा लागतो. जे काही सुटं निवडता येतं, ते गठ्ठ्याच्या आतच. आणि नेमकं तेच फॉर्म भरताना घाईत उरकलं जातं.

सायन्सचा गठ्ठा सोडून पाहू. इंग्रजी सक्तीचं. फिजिक्स आणि केमिस्ट्री जवळजवळ सगळेच घेतात. खरी निवड त्यापुढे: गणित, जीवशास्त्र की दोन्ही. पीसीएम, पीसीबी, पीसीएमबी ही आद्याक्षरं आता दहावीच्या मुलांनाही पाठ असतात. गणित सोडलं की इंजिनिअरिंग गेलं, आर्किटेक्चर गेलं, एनडीएत हवाई दल आणि नौदल गेलं, वैमानिकाचा परवानाही गेला. जीवशास्त्र सोडलं की वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा गेली आणि तिच्याबरोबर एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस. बीएस्सी नर्सिंगलाही जीवशास्त्र लागतं. फार्मसी आणि कृषी मात्र दोन्ही गटांना खुल्या आहेत, हे ऐकून पुष्कळ पालक दचकतात. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा ‘अ‍ॅग्रीला बायो लागतं’ म्हणून मन मारून बेडूक-गांडूळ पाठ करत असतो.

‘गणित नको म्हणून बायो घेतलं’ हे वाक्य वरचेवर ऐकू येतं. ते बोलणाऱ्याने अकरावी फिजिक्सचं बालभारतीचं पुस्तक उघडून बघावं. पहिलं प्रकरण एकक आणि मापनाचं आहे. दुसऱ्या प्रकरणाचं नाव ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’. त्यात सदिशांचा गुणाकार येतो, विकलन-संकलनाची तोंडओळख येते. म्हणजे ज्याने गणिताचा वर्गच घेतलेला नाही, त्यालाही जुलै-ऑगस्टमध्ये ‘डी वाय बाय डी एक्स’ला तोंड द्यावं लागतंच. गणितवाल्याला ते पुढे गणिताच्या तासाला पुन्हा सावकाश शिकवतात. बायोवाल्याला ते फिजिक्सच्या सरांनी दोन तासांत उरकलेलं, तेवढंच पदरी पडतं. नीटमध्ये मुलं फिजिक्सने मारली जातात अशी क्लासवाल्यांची नेहमीची तक्रार असते. तिची मुळं इथे आहेत.

मग बायफोकल. दोनशे गुणांचा व्यावसायिक विषय घ्यायचा आणि त्याबदल्यात दुसरी भाषा अधिक एक वैकल्पिक विषय सोडायचा. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, क्रॉप सायन्स अशी नावं आहेत. यात प्रात्यक्षिकाचे गुण भरघोस असल्यामुळे टक्केवारी वर जाते, म्हणून त्याला मागणी असते. बहुतेक जण जीवशास्त्र सोडून हा विषय घेतात आणि मग बारावीत ‘नीटपण देऊ’ म्हणून अर्ज भरायला निघतात. अभ्यासक्रमाचं म्हणाल तर कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या पेपरात ८०८५ नावाचा मायक्रोप्रोसेसर वर्षानुवर्षं शिकवला जातोय. इंटेलने तो १९७६ साली बाजारात आणला होता. त्याच्यावर आज्ञा लिहिताना यंत्र आतून कसं चालतं हे चांगलं कळतं, पण ‘पोरगा कॉम्प्युटर शिकतोय’ म्हणून शेजाऱ्याला सांगणाऱ्या बापाला आपला मुलगा जन्मापूर्वीच्या चिपवर बेरजा करतोय याची कल्पना नसते.

सोलापूरच्या मुलापुढे आणखी एक पायरी असते, ती भाषेची. हे शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत शिकतं. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. पूर्वभागात तेलुगू भाषक पद्मशाली समाजाने उभारलेल्या शाळा आहेत, शहरात उर्दू हायस्कुलं आहेत. माध्यम कुठलंही असो, अकरावी सायन्सचं शिकवणं इंग्रजीत. दहावीपर्यंत ‘त्वरण’, ‘संवेग’, ‘अपवर्तन’ असं शिकलेलं मूल पहिल्या महिन्यात नव्या कल्पनांना अडखळत नाही. ते आधीच येत असलेल्या कल्पनांच्या नव्या नावांना अडखळतं, आणि आपल्याला काहीच येत नाही अशी समजूत करून घेतं. मराठी शाळांनी यावर ‘सेमी’ काढलं: गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीतून, बाकी मराठीतून. काही शाळांत ते पाचवीपासून, काहींत आठवीपासून. कागदावर सेमी हे माध्यम आहे. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत ती हुशारांची तुकडी होऊन बसली आहे. ‘आमची सेमीला आहे’ हे सांगताना आयांचा आवाज जरा वर चढतो. सेमी नसलेल्या मुलाने सायन्स घेऊच नये असं मुळीच नाही. एप्रिल-मे-जूनमध्ये दहावी विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक आणून मराठीच्या शेजारी ठेवून वाचलं, तर ही पायरी बरीचशी ओलांडता येते. बालभारतीच्या या पुस्तकांत प्रकरणं त्याच क्रमाने असतात, आकृत्याही त्याच. यासाठी क्लास लागत नाही.

कॉमर्समध्ये निवड एका ओळीत सांगता येते: एसपी की मॅथ्स. बुककीपिंग, ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स), अर्थशास्त्र हे सगळ्यांना जवळपास समान. त्यापुढे सेक्रेटरियल प्रॅक्टिस घ्यायचं की गणित, एवढंच. एसपीत कंपनीचे पत्रव्यवहार, भागभांडवल, ठेवी; पाठ करणाऱ्याला सोपं. वाणिज्याच्या गणितात दलाली आणि सूट, विमा आणि वार्षिकी, निर्देशांक, कालश्रेणी, थोडं विकलन. व्यापाराशी सगळ्यात जवळचा विषय हाच. तरीही टॉवेलच्या व्यापारावर जगणाऱ्या या गावातली कॉमर्सची पोरं गणिताला पाठ दाखवून एसपीकडे वळतात. सीए व्हायचं असलं तरी एसपीच. सीए फाउंडेशनचा एक पेपर गणित, तर्क आणि सांख्यिकीचा असतो आणि तिथे बारावीतलं सोडलेलं गणित शोधत येतं. बरं, सीएला बारावी कॉमर्सच हवी अशीही अट नाही. कुठल्याही शाखेचा मुलगा ती परीक्षा देऊ शकतो.

आर्ट्सबद्दल कमी बोललं जातं, कारण तिथे जाणाऱ्यांना ‘का गेलास’ असं विचारायची पद्धत आहे आणि उत्तराची वाट पाहायची नाही. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, डीएलएड, स्पर्धा परीक्षा हे सगळं आर्ट्सवरून होतं. तर्कशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र असे विषय तिथे मिळतात, पण प्रत्येक कॉलेजात सगळे नसतात. म्हणून आर्ट्स घेणाऱ्याने कॉलेजचं नाव बघण्याआधी तिथली विषयांची यादी बघायला हवी. सायन्सवाला कुठेही गेला तरी फिजिक्स मिळणारच आहे. आर्ट्सवाल्याला तर्कशास्त्र मिळेलच असं नाही.

आता उतरंडीत ज्यांना तळाला ढकललं जातं, त्या डिप्लोमा आणि आयटीआयकडे. इथे हिशोब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. बारावी सायन्स करून इंजिनिअर व्हायला दोन अधिक चार, सहा वर्षं. दहावीनंतर पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, म्हणजे तीन अधिक तीन. पुन्हा सहाच. दोन वर्षांचा आयटीआय, त्यावरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात, म्हणजे आणखी दोन, आणि मग पदवीची तीन: सात वर्षं. ज्या वाटेला ‘शिक्षण संपलं’ असं समजतात, त्या वाटेने इंजिनिअर व्हायला एकच वर्ष जास्त लागतं, आणि मधे दोनदा नोकरी धरण्याजोगा कागद हातात येतो. बारावी सायन्सला घसरलेल्या मुलाच्या हातात तसा कुठलाच कागद नसतो.

डिप्लोमाला गणित टळतं हा मात्र मोठाच गैरसमज. पहिल्याच सत्रात गणिताचा पेपर असतो. वरच्या वर्षाच्या मुलांच्या बोलण्यात तो ‘एम-वन’ म्हणून येतो, आणि त्यात अडकून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत बॅकलॉग ओढणारी पोरं प्रत्येक पॉलिटेक्निकच्या कट्ट्यावर सापडतात. अकरावीला जे गणित वर्षभरात शिकवतात, त्यातलं बरंचसं इथे एका सत्रात आटोपतात.

आयटीआयचं गणित वेगळं, आणि मला वाटतं तेच सगळ्यात कमी समजून घेतलं गेलंय. विजापूर रस्त्यावरच्या शासकीय आयटीआयसारख्या संस्थेत फिटर ट्रेडचा मुलगा पहिल्या काही महिन्यांत व्हर्नियर कॅलिपर हातात घेतो. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर सरकत्या पट्टीवर ५० भागांत पाडलेले असतात. म्हणजे सरकत्या पट्टीचा प्रत्येक भाग मुख्य पट्टीच्या मिलिमीटरपेक्षा ०.०२ मिलिमीटरने लहान. सरकत्या पट्टीवरची कितवी रेघ मुख्य पट्टीवरच्या रेघेशी नेमकी जुळते ते पाहायचं, त्या क्रमांकाला ०.०२ ने गुणायचं आणि मुख्य पट्टीच्या वाचनात मिळवायचं. हातात लोखंडाचा तुकडा, समोर निदेशक, आणि उत्तर चुकलं तर पुढचा भाग बसत नाही हे लगेच दिसतं. दशांश अपूर्णांकांत शाळेत हमखास चुकणारी पोरं इथे सफाईने वाचन घेतात. ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’ नावाचा विषयही असतो, ड्रॉइंगही असतं. गणित सुटत नाही, फक्त फळ्यावरून हातात येतं.

आणि या जिल्ह्यात या हातांना काम आहे. साखर कारखाने आहेत, दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे, अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळीची एमआयडीसी आहे, रेल्वेचा विभाग आहे. महावितरणला इलेक्ट्रिशियन आणि वायरमन लागतात. जुन्या गिरण्या चालू होत्या तेव्हा बापाच्या शब्दावर पोरगा खात्यात लागे, प्रमाणपत्र कुणी विचारत नसे.  गिरण्या बंद पडल्या आणि ओळखीवर काम मिळण्याची ती वाटही बंद झाली. आज यंत्रमागाच्या कारखान्यात रॅपियर लूम दुरुस्त करणाऱ्या माणसाला मालक शोधत येतात. उलट बीएस्सी झालेला पदवीधर हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन हिंजवडीत खोली शोधतो. दोन्ही ठीकच. पण पंधराव्या वर्षी निवड करताना दोन्ही चित्रं समोर असावीत.

आयटीआयवाल्याचं ‘बारावीचं काय’ हा नेहमीचा खोळंबा. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला मंडळाचे भाषाविषय देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. हे संस्थेत विचारून पहिल्याच वर्षी अर्ज कुठे करायचा ते माहीत करून घ्यावं, नाहीतर भरतीची जाहिरात आल्यावर धावाधाव होते.

एक वेगळीच वाट लातूरची. ‘लातूर पॅटर्न’चं नाव झाल्यापासून सोलापूर जिल्ह्यातली मुलं तिकडे जाऊन राहतात. काही जण नावाला गावच्या ज्युनिअर कॉलेजात आणि प्रत्यक्षात दुसऱ्या शहरातल्या क्लासमध्ये असतात. याला ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. दोन ठिकाणची फी, खानावळ आणि खोलीभाडं भरणाऱ्या पालकाने निदान प्रॅक्टिकल कोण घेणार एवढं तरी विचारावं. मुलींच्या बाबतीत मात्र बाहेरगावी जाऊन राहण्याची चर्चाच होत नाही. तिथे शाखा बऱ्याचदा एसटीच्या वेळापत्रकावर ठरते. गावात उच्च माध्यमिक फक्त आर्ट्सचं असेल तर मुलगी आर्ट्सची. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, आणि जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्कं माफ झाली आहेत. म्हणजे पुढची फी माफ आहे, पण त्या अभ्यासक्रमाला लागणारे फिजिक्स-केमिस्ट्री गावात नाहीत, आणि संध्याकाळची शेवटची गाडी कॉलेज सुटायच्या आधी निघते.

चुकलंच, तर परत फिरता येतं का? काही ठिकाणी येतं. सायन्समधून कॉमर्स-आर्ट्सच्या पदवीला जाता येतं. उलट दिशेने जवळजवळ नाही. ‘आधी सायन्स घे, मग बघू’ या सल्ल्यामागचं तर्कशास्त्र एवढंच, आणि ते खोटं नाही. पण जमत नसलेल्या सायन्समध्ये बारावीला पंचेचाळीस टक्के घेऊन बीएला गेलेल्या मुलाने त्या मोकळीकीची किंमत दोन वर्षांनी आणि बऱ्याच आत्मविश्वासाने मोजलेली असते. पीसीबी करून पुढे गणिताची गरज भासली, तर तेवढा एक विषय ‘आयसोलेटेड’ म्हणून मंडळाच्या परीक्षेला देता येतो. पीसीएम झालेल्याने नंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून दिलं, तर तो नीटला चालतो असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत बसता येतं. शाळाच सुटली असेल तर बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. विडी वळणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या घरातल्या मुलींना या फॉर्मने दहावी-बारावीपर्यंत आणलेलं आहे.

उरतो प्रत्यक्ष अर्ज. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि सोलापूरही त्यात आलं. त्याआधी इथे कॉलेजच्या खिडकीवर रांग असे. आता अर्जाचे दोन भाग असतात: पहिल्यात मुलाची माहिती, दुसऱ्यात पसंतीक्रम, एकपासून दहापर्यंत. एका कॉलेजची एकाहून जास्त नावं यादीत दिसतात, कारण शाखा, माध्यम आणि अनुदानाचा प्रकार बदलला की पर्याय बदलतो. अनुदानित तुकडी आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकडी एकाच इमारतीत शेजारीशेजारी भरते. फी मात्र एकीची काहीशे रुपये आणि दुसरीची काही हजार. भाषिक वा धार्मिक अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजासाठी निम्म्या जागा वेगळ्या असतात, आणि तेलुगू, कन्नड, उर्दू, जैन संस्थांच्या या गावात त्याचा मोठा फरक पडतो. त्या कोट्यासाठी स्वतंत्रपणे नोंद करावी लागते. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. त्यामुळे पहिल्या ओळीत ‘बघू तर लागतंय का’ म्हणून गावातलं सगळ्यात मोठं नाव टाकू नये. तिथे मिळणारी तुकडी अनुदानित आहे का, त्या तुकडीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येतं का, बायफोकल घेतलं तर कुठला विषय जातो, हे कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारायचं, आणि मगच तो क्रमांक भरायचा.